दोन हॉटेलं आणि माझं मत

"वैनी, तुमच्यासाठी हॉटेल कुठलं बघू?"

धाकट्या दिरांनी हे विचारलं तेव्हा मी ओसरीवर बसले होते. समोर पाण्याचा टँकर लागला होता आणि बाया पाइपाभोवती घागरी लावून भांडत होत्या. मला वाटलं, ते दुसऱ्याच कुणाशी बोलतायत. उमापूरच्या बाजूला आमचं गाव. घरी जमीन होती, कशाची ददात नव्हती, पण हॉटेलात मुक्काम करायची वेळ आमच्या घरातल्या बाईवर कधी आली नव्हती. कुठंही गेलं तरी आम्ही नातलगांकडंच उतरायचो.

"हॉटेल कशाला?" मी विचारलं.

"चेअरमनची निवडणूक हाय न्हवं. तवर आपल्या गटाच्या सगळ्या संचालकांना बाहेर न्यायचंय. तुमी बी संचालक हायत."

ते खरं होतं. फक्त माझ्या ते लक्षात राहायचं नाही.

माझे मालक आमच्या भागातल्या सहकारी साखर कारखान्याचे संचालक होते. त्याच्या आधीच्या हिवाळ्यात एका सकाळी ओसरीवर दाढी करता करता ते भिंतीला टेकले. मी चहा घेऊन आले तेव्हा अर्ध्या गालाला साबण तसाच होता. जीपमध्ये त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. बीडच्या रस्त्याला लागल्यावर थोड्या वेळानं मी ड्रायव्हरला म्हटलं, हळू चालव. घाई करण्यात आता काही राहिलं नव्हतं, ते मला मांडीवरच्या ओझ्यावरून कळलं होतं.

मी रडले नाही. शेजारपाजारच्या बायकांनी फार प्रयत्न केले. "रडवा गं हिला, न्हाईतर डोक्यात जाईल," असं त्या माझ्यासमोरच एकमेकींना सांगायच्या. एकीनं मालकांच्या चपला आणून माझ्या पुढ्यात ठेवल्या. मी त्या उचलून कोपऱ्यात नीट जोडून लावल्या आणि तिला तसं सांगितलं. ती बाई माझ्याकडं बघतच राहिली.

तेरावा झाला आणि कारखान्याची माणसं घरी आली. रिकाम्या जागेवर घरातलंच कुणीतरी घ्यायचं त्यांनी ठरवलं होतं. माझे दोघंही दीर तयार होते, तीच अडचण होती. शेवटी सासूबाई आतून म्हणाल्या, "त्याच्या जागंवर ती बसंल." दोन भावांत वितुष्ट नको म्हणून मी संचालक झाले. महिन्यातून एकदा जीप यायची, मी मीटिंगला जायचे, खुर्चीत बसायचे, समोर आलेला चहा प्यायचे आणि परत यायचे.

त्या साली कारखान्याचं धुराडं थंडच होतं. सलग दुसरा पावसाळा कोरडा गेला होता, शेतात ऊस उभा नव्हता, मग गाळायचं काय? आमच्याकडची ऊसतोडीची माणसं नेहमीसारखी दसऱ्यानंतर दुसऱ्या मुलखातल्या कारखान्यांना गेली आणि तिथंही काम नाही म्हणून लवकर परतली. अशा बंद कारखान्याचा चेअरमन कोण व्हावा, यावरून संचालकांत दोन गट पडले होते. एका गटाचे पुढारी होते तात्या. माझे मालक त्यांच्याबरोबर होते. दुसऱ्या गटाचे बापू. ठरल्याप्रमाणं जुन्या चेअरमननी राजीनामा दिला, आणि मोजदाद केल्यावर निघालं, की दोन्हीकडं सारखीच माणसं आहेत आणि मधे राहिल्यात दोन बाया. एक मी. दुसरी एका ऊसतोड मुकादमाची बायको, जिला सगळे आक्का म्हणायचे.

म्हणून हॉटेल.

"दोन जागा हायत," दीर सांगू लागले. "एक औरंगाबादच्या अलीकडं, गावाबाहेर. लई मोठं हॉटेल. बाग हाय, पोहायचा हौद हाय, प्रत्येक खोलीला एसी. तिथं कुणी चिटपाखरू यायचं न्हाई. दुसरं आपल्या बीडातलं, स्टँडसमोरचं. आपले दादा उतरायचे तिथं. जेवण बरं असतंय. पण तिथं गेलं की भेटंल तो माणूस वळखीचा."

"कुठंही चालंल," मी म्हटलं.

मला खरंच कुठंही चाललं असतं. ते मात्र माझ्या तोंडाकडं बघत उठले, अंगणात गेले आणि फोनवर कुणालातरी म्हणाले, "वैनी काही बोलंना गेल्यात. जरा नाराज दिसतात. मोठंच हॉटेल धरा."

तिथून ते सुरू झालं. मी गप्प राहायचे आणि समोरचा माणूस त्या गप्प राहण्याचा काहीतरी अर्थ लावायचा.

*

गावाबाहेरच्या त्या हॉटेलाला मोठं फाटक होतं आणि फाटकापासून दारापर्यंत दोन्ही बाजूंनी हिरवळ. गेवराई सोडल्यापासून रस्त्याच्या कडेला वाळलेल्या बाभळी आणि जनावरांच्या छावण्याच बघत आलो होतो. गाडीतून उतरल्यावर माझ्या बरोबरचे दोघे संचालक त्या हिरवळीकडं बघत उभे राहिले. एक जण खाली वाकला, हातानं गवत चाचपलं आणि म्हणाला, "खरं हाय बे हे."

आमचे फोन दारातच गोळा केले गेले. माझा मी न मागता दिला.

मला आणि आक्काला मिळून एक खोली दिली होती. दोन बायांना वेगळं ठेवण्यापेक्षा एकत्र ठेवणं त्यांना सोयीचं वाटलं असावं. आक्काला मी मीटिंगमध्ये पाहिलं होतं, पण बोलणं झालं नव्हतं. पन्नाशी ओलांडलेली, उन्हानं रापलेली, डाव्या हाताचं एक बोट कोयत्यानं अर्धं गेलेलं. नवरा मुकादम व्हायच्या आधी तिनं जोडीनं ऊस तोडला होता. उसाच्या फडाशेजारच्या पाचटाच्या कोपीत तिची दोन लेकरं जन्मली होती. नंतर मुकादमी आली, शेतीचा तुकडा आला, कारखान्याचं सभासदत्व आलं आणि बायांच्या राखीव जागेवर तिला उभं केलं गेलं.

खोलीत शिरल्या शिरल्या तिनं सगळी दारं उघडून बघितली. कपाट, बाल्कनी, न्हाणीघर. न्हाणीघरातून तिची हाक आली.

"बाई, हिकडं या! हितं माणूस झोपंल एवढं टोपलं हाय!"

मी जाऊन बघितलं. पांढरा शुभ्र टब होता. तिनं नळ सोडला. पाणी आलं, स्वच्छ, आवाज करत. आम्ही दोघी उभ्या राहून बघत होतो. मी मनात वाट बघत होते, की आता मला काहीतरी वाटेल. गावात बाया एका घागरीसाठी एकमेकींच्या झिंज्या धरत होत्या, मी ते स्वतः बघून आले होते. राग यावा, लाज वाटावी, निदान तोंडातून च्यक् तरी निघावं. काहीच आलं नाही. नळ वाहतोय, एवढंच.

"आक्का, बंद करायचा का?" मी विचारलं, कारण असं विचारायला हवं हे मला माहीत होतं.

"कावून?" ती म्हणाली. "मी बंद केला म्हणून माझ्या वाडीत येणार हाय का हे पाणी? तुमी व्हा बाहेर. मी आंघोळ करते."

बऱ्याच वेळानं ती बाहेर आली ती डोक्यावरून टॉवेल गुंडाळून, टाचा लाल होईस्तोवर घासून. पलंगावर बसली आणि स्वतःचे पाय बघत राहिली. "लगीन झाल्यापासून एवढं पाणी अंगावर घेतलं न्हवतं," म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "आता तू जा. जा की. केस तरी धू. किती दिवस झाले?"

तिनं मला 'तू' म्हटलं, हे माझ्या नंतर केव्हातरी लक्षात आलं. मी आत गेले, बादलीत पाणी घेतलं, आंघोळ केली. केस धुवायचे राहूनच गेले.

आमचे दिवस तिथं फार सारखे होते. सकाळी नाश्त्याला इतके पदार्थ मांडलेले असायचे, की पुरुष मंडळी ताट घेऊन नुसतीच फिरत राहायची आणि शेवटी पोह्यांवर यायची. दुपारी ते पत्ते खेळायचे. पोहायच्या हौदात कुणी उतरायचं नाही. एका संध्याकाळी दोघं जण धोतर वर करून काठावर पाय सोडून बसले, तर हॉटेलच्या माणसानं येऊन तिथं असं बसत नाहीत म्हणून सांगितलं. तात्या स्वतः रोज यायचे. पांढरे कपडे, हळू आवाज. प्रत्येकाची विचारपूस करून शेवटी माझ्याजवळ यायचे.

"वहिनी, काही कमी-जास्त?"

"नाही."

"दादांची आठवण येते हो. ते असते तर आज ही वेळ आली नसती."

मी काही बोलायचे नाही. ते जरा जवळ सरकायचे. मग म्हणायचे, "तुमच्या गावाच्या रस्त्याचं माझ्या डोक्यात आहे." मी गप्पच. दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या जोडीला बोअरही आलं. तिसऱ्या दिवशी धाकट्या दिरांना बाजार समितीवर घ्यायची गोष्ट निघाली. मी त्यांच्या सदऱ्याच्या गुंडीकडं बघत असायचे, कारण तोंडाकडं बघायला जोर लागायचा.

"बाई लई पक्की हाय," असं त्यांनी माझ्या सोबतीला आलेल्या धाकट्या दिरांना सांगितलं. दिरांनी ते मला सांगितलं, आणि सांगताना त्यांच्या डोळ्यांत माझ्याबद्दल जरा भीती होती. माझ्या लग्नात हे दीर शाळेतले होते. माझ्या पदराला धरून घर दाखवायला घेऊन गेले होते. त्यांना मी कशी आहे ते माहीत होतं. तरी ते घाबरले.

मला त्या हॉटेलात त्रास नव्हता. पण तिथं आवाज नव्हता. खिडक्यांना जाड काचा होत्या, काचांवर जाड पडदे, खाली जाड गालिचा. आपण चाललो तरी चालल्याचं ऐकू यायचं नाही. घरी निदान टँकरची भांडणं होती, सासूबाईंचा खोकला होता. इथं पलंगावर पडलं, की एसीचा एकसारखा बारीक आवाज आणि त्या आवाजाखाली मी. एका सकाळी मी पलंगावर बसले होते आणि आक्का माझा खांदा धरून हलवत होती. "अगं, किती हाका मारायच्या? कुठं गेलतीस?" मी कुठंच गेले नव्हते. पण तिच्या हाका मला ऐकू आल्या नव्हत्या, हे खरं.

त्याच दिवशी तात्या आले आणि "काही कमी-जास्त?" म्हणाले, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "मला बीडात नेऊन सोडा."

"बीडात? कुणाकडं?"

"स्टँडसमोरच्या हॉटेलात."

त्यांचा चेहरा पडला. ते दिरांना बाजूला घेऊन गेले. बाल्कनीच्या काचेतून मला त्यांचे हात हलताना दिसत होते. दीर परत आले तेव्हा घामाघूम झाले होते.

"वैनी, खरं सांगा. बापूंचा निरोप आलता का?"

"नाही."

"मग तिथं कावून जायचं?"

"इथं आवाज येत नाही," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. त्यांना वाटलं, हीही काहीतरी खूण आहे. दुपारच्या जेवणानंतर गाडी लावली गेली. आक्काही माझ्याबरोबर हवी असं तात्यांनी ठरवलं, म्हणजे निदान माझ्यावर कुणाची नजर राहील. आक्का हिरमुसली. गाडीत बसताना तिनं एकदा मागं वळून हिरवळीकडं बघितलं आणि म्हणाली, "चांगली खात-पित व्हते. तुझ्यापायी गेलं."

*

बीडचं ते हॉटेल तसं हॉटेल म्हणण्याजोगं नव्हतं. खाली खानावळ, वर खोल्या. जिन्यात गुटख्याच्या पिचकाऱ्या. नळाला पाणी नव्हतं; एकेका खोलीला सकाळी एक बादली मिळायची, ती टँकरची. आमची खोली रस्त्याकडं होती. खिडकी उघडली आणि सगळं एकदम आत आलं: एसटीचा भोंगा, गेवराई-गेवराई म्हणून ओरडणारे लोक, रिक्षांचे हॉर्न, समोरच्या माडीवर शिकवणीचा मास्तर मायक्रोफोनवरून गणित शिकवत होता ते. कोर्टाच्या बाजूनं काळ्या कोटातले वकील उन्हातून घाईनं चालले होते.

आक्कानं बादलीत डोकावून बघितलं. "ह्यात तोंड धुवायचं का पाय?" असं विचारून ती भिंतीकडं तोंड करून पडली.

हॉटेलचा मॅनेजर म्हातारा होता, पायजमा आणि बंडीतला. आमचं आडनाव ऐकून तो स्वतः वर आला. हात जोडले. मला वाटलं, सगळे म्हणतात तसं तो म्हणणार, देवमाणूस गेला. तो म्हणाला, "साहेब ह्याच खोलीत यायचे."

"मीटिंगला आले की?"

"मीटिंगला बी. आन एरवी बी." त्यानं खिडकीजवळची लोखंडी खुर्ची दाखवली. "इथं बसायचे. दुपारभर. चहा मागवायचे, तो गार व्हायचा. मी दुसरा पाठवायचो, तो बी गार व्हायचा."

"कोण यायचं भेटायला?"

"कुणी न्हाई. बसायचे नुसते. बसगाड्या बघायचे. दिवस उतरला की उठायचे, तोंड धुवायचे, जायचे."

घरी ते सांगायचे, आज बीडात कामं आहेत, कलेक्टर ऑफिसात जायचंय, वकिलाकडं जायचंय. परत आले की दमलेले असायचे आणि मी पाय दाबून द्यायचे. ते खोटं बोलायचे असं मला वाटलं नाही. दुसरं एक वाटलं, आणि ते इतक्या महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी वाटणं होतं म्हणून माझ्या नीट लक्षात आहे. मला त्यांचा हेवा वाटला. या माणसाला नुसतं बसायला एक जागा होती. दारात येणारी माणसं, छावणी, टँकर, भाऊबंद, कारखाना हे सगळं सोडून तो इथं येऊन बसत होता आणि कुणी त्याला विचारत नव्हतं. मला मात्र माझ्या घरात चूल आणि माजघर यांच्या मधे कुठंही बसलं तरी कुणीतरी विचारायचं, काय झालं गं.

मॅनेजर गेल्यावर मी त्या खुर्चीत बसले. उन्हाची झळ तोंडावर येत होती. खाली एक बाई बसमध्ये चढता चढता पिशवीतले कांदे सांडले म्हणून ओरडत होती. बस निघाली, दुसरी लागली. चहा आला. तो गार झाला का ते मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बापू आले. बीडात आम्ही आलोय हे गावभर व्हायला वेळ लागला नव्हता. बापू अंगानं दांडगे, बोलायला मोकळे. खाली खानावळीत बसले आणि निरोप पाठवला. आमच्यावर लक्ष ठेवायला बसवलेले तात्यांचे दोघं जण लगेच फोनवर लागले. आम्ही दोघी खाली उतरून समोर बसलो.

"ताई," बापू मला म्हणाले, "तुम्ही ते फाइव्ह स्टार सोडून इथं आला, तेव्हाच मी समजलो. मन मोठं हाय तुमचं. बोला, काय पाहिजे?"

मी त्यांच्याकडं बघितलं. टेबलावर कुणीतरी सांडलेली डाळ होती आणि तिच्यावर माश्या. बापू म्हणाले, "उपाध्यक्ष करतो तुम्हाला." मी गप्प. "बरं, अध्यक्षपदाचं बोलू. दीड-दीड वर्ष वाटून घेऊ."

आक्का इतका वेळ शेंगदाण्याची चटणी बोटानं चाखत होती. ती म्हणाली, "मला कुणी इचारीना गेलंय."

बापू हसले. "तुमी बोला की आक्का. तुमाला काय पाहिजे?"

"पाणी."

"पिण्याचं का? ए, बाटली आण रे!"

"बाटली न्हाई. कारखान्याचं तळं भरलेलं हाय. बॉयलरला लागतंय म्हणून कुलपात ठिवलंय. आवंदा बॉयलर पेटलाच न्हाई, मग कुणासाठी ठिवलंय? माझी वाडी कारखान्याच्या भितीच्या पल्याड हाय. म्हशी वास घेऊन भितीला धडका देतात. ते सोडा."

तेवढ्यात दारात तात्यांची गाडी उभी राहिली. ते घाईत आत आले, बापूंना बघून थांबले, मग खुर्ची ओढून तेही त्याच टेबलाशी बसले. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला. खानावळीतली सगळी माणसं जेवायची थांबली होती.

"वहिनी," तात्या म्हणाले, "आपण घरातली माणसं. काय असेल ते मला सांगा."

मला काहीच सांगायचं नव्हतं. पण आक्काचं वाक्य माझ्या कानात ताजं होतं, आणि स्वतःचं काही नसल्यामुळं मी तेच उचललं. "तळं सोडा," मी म्हटलं. "आधी तळं. मग मत."

माझा आवाज मला परका वाटला. वर नाही, खाली नाही, नुसता सपाट. त्याच आवाजात मी चपला कोपऱ्यात ठेवल्यात असं त्या बाईला सांगितलं होतं. पण तात्यांनी तो आवाज असा ऐकला, जसा एखादा पुढारी दुसऱ्या पुढाऱ्याचा ऐकतो. त्यांनी एकदा बापूंकडं बघितलं. बापू म्हणाले, "मी निवडून आलो तर त्याच दिवशी सोडतो."

"मी आत्ता सोडतो," तात्या म्हणाले. कारखाना अजून त्यांच्याच गटाच्या ताब्यात होता. त्यांनी तिथूनच फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की कुलूप काढा, टँकर भरू द्या, जनावरांना आत घ्या.

आक्कानं चटणीचं बोट चाटलं. "मला फोनवर भरवसा न्हाई," ती म्हणाली. "चला, बघून येऊ."

*

मग आम्ही सगळे गेलो. दोन्ही गटांच्या गाड्या एकामागं एक. कारखान्याच्या फाटकाशी बातमी आमच्या आधीच पोचली होती. आक्काच्या वाडीची माणसं म्हशी, गाई, शेरडं घेऊन उन्हात उभी होती. तळ्याच्या तारेच्या कुंपणाचं दार उघडलं आणि जनावरं एकदम आत शिरली. म्हशी पाण्यात बसल्या. त्यांना उठवायला पोरं ओरडत होती, त्या हलत नव्हत्या. एका म्हाताऱ्यानं अंगावरच्या कपड्यांसकट गुडघाभर पाण्यात जाऊन तोंडावर पाणी मारलं. आक्का काठावर उभी राहून रडत होती, मोठ्यानं, पदर तोंडात धरून. बायका तिच्याभोवती जमल्या. कुणीतरी माझ्याही पाया पडलं. मी खाली बघितलं तर एक पांढरं डोकं होतं. माझे डोळे कोरडेच होते. ऊन डोळ्यांत जातंय म्हणून मी कपाळावर हात धरला, आणि कुणीतरी नेमका तेव्हा काढलेला फोटो पेपरात आला: मी लांब कुठंतरी बघतेय असा.

मतदान दोन-तीन दिवसांनी झालं. मी आणि आक्का, दोघींनी तात्यांना मत दिलं आणि ते निवडून आले. गुलाल उधळला, तो माझ्या अंगावर पडू नये म्हणून दीर मधे उभे राहिले. आठवडा गेला नाही तोच तळ्याला पुन्हा कुलूप लावायचं चाललंय असं कानावर आलं. तेव्हा बापूंची माणसं फाटकावर जाऊन बसली. त्यांना पाण्याचं किती पडलं होतं कोण जाणे, पण तात्यांना कुलूप लावू द्यायचं नाही एवढं पक्कं होतं. त्या भांडणात तळं उघडं राहिलं. पाऊस यायच्या बऱ्याच आधी ते आटलं, तळाचा चिखल भेगाळला, आणि वाडी पुन्हा टँकरवर आली. पण मधले दिवस निघाले. आक्काच्या दोन म्हशी जगल्या. तिच्या शेजारणीची एक गेली.

त्यानंतर लोक माझ्याशी वेगळं वागू लागले. दीर कुठलाही निर्णय घ्यायच्या आधी ओसरीवर येऊन उभे राहायचे. मीटिंगमध्ये माझ्यासाठी पुढची खुर्ची ठेवली जायची. "त्यांनी फाइव्ह स्टार लाथाडलं," असं मी स्वतः ऐकलं. ते हॉटेल मी लाथाडलं नव्हतं, तिथं मला आपल्या पावलांचा आवाज ऐकू येत नव्हता. पण हे कुणाला सांगायचं, आणि सांगितलं असतं तरी त्यातूनही त्यांनी काहीतरी काढलंच असतं. पुढच्या साली पाऊस बरा झाला, कारखाना अर्धा हंगाम चालला. माझी मुदत संपली तेव्हा मी पुन्हा उभी राहिले नाही. धाकटे दीर उभे राहिले.

आक्कानं मात्र मला सोडलं नाही. ती दर पंधरा दिवसांनी एसटीनं यायची, सासूबाईंशी भांडून चहा प्यायची, आणि मला कुठंतरी घेऊन जायची. बाजाराला, दवाखान्याला, तिच्या लेकीकडं. एकदा नारायणगडावर देवाला नेलं. यात्रा नव्हती, साधा दिवस होता. दर्शन घेऊन खाली आलो तर पंगत बसत होती. आम्ही दोघी बसलो. भात, वरण, वांग्याची भाजी, लापशी. मी खाली मान घालून जेवत होते. वाढणारा माणूस भाजीची बादली घेऊन पुढं गेला, तेव्हा मी त्याला हाक मारून थांबवलं आणि म्हटलं, "इकडं भाजी."

त्यानं वाढली. मी खाल्ली. भाजी तिखट होती, नाकातून पाणी येण्याइतकी. आक्का माझ्याकडं बघत होती. तिनं आपल्या पुढ्यातला पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला.